रिपोर्टमधले ठळक आकडे आणि बाकीचे

प्रिय मित्रा,

तू पाठवलेला रक्ततपासणीचा रिपोर्ट पाहिला. दोन आकडे ठळक छापलेत म्हणून तू धास्तावलास आणि बाकीच्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाहीस. मला त्या बाकीच्यांबद्दलच लिहायचं आहे.

आधी ठळक आकड्यांचं. शेजारी छापलेली मर्यादा बहुतेक वेळा अशी ठरवतात की निरोगी लोकांपैकी ९५ टक्के तिच्यात बसावेत. उरलेले ५ टक्के धडधाकट असूनही बाहेर. एकदम वीस-पंचवीस तपासण्या केल्यास एखादा आकडा निसटण्याची शक्यता बरीच. म्हणून ‘फुल बॉडी’ तपासण्यांचं मला फारसं कौतुक नाही. किंचित हललेला आकडा डॉक्टरांना दाखव, ते म्हणाले तर काही आठवड्यांनी पुन्हा तपास. खूपच हललेला असेल तर मात्र थांबू नकोस.

आता ‘नॉर्मल’ आकडे. समजा, एखाद्याचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं गाळून बाहेर टाकतात तो रक्तातला टाकाऊ पदार्थ) वर्षानुवर्षं ०.७ होतं आणि आता १.१ आलं. दोन्ही मर्यादेतच, कागदावर काहीच ठळक नाही. पण मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता बरीच घटलेली असू शकते. स्नायू वाढले किंवा आदल्या दिवशी भरपूर मांसाहार झाला तरी हा आकडा चढतो, त्यामुळे लगेच निष्कर्ष नको; पण जुना ०.७ हाताशी नसेल तर शंकाच येणार नाही. लोहाचंही तसंच. शरीरातला साठा आधी आटतो, फेरिटिन (या साठ्याचा अंदाज देणारा आकडा) घसरतं. हिमोग्लोबिन मागाहून उतरतं. नियमित तपासणीचा खरा उपयोग हा, की तुझी तुलना तुझ्याशीच होते.

नियमित म्हणजे दर महिन्याला नव्हे. एचबीए१सी ही साखरेची तपासणी घे. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर सांगतो. ५.७ टक्क्यांच्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ पासून मधुमेह. तपासणीच्या आधी चार दिवस गोड सोडून त्याला फसवता येत नाही (प्रयत्न पुष्कळ जण करतात). मात्र लोहाची कमतरता असेल तर तो उगाच जास्त दिसू शकतो.

तुलना खरी व्हायची तर शक्यतो लॅब तीच, वेळ सकाळचीच. उपाशीपोटी म्हणजे आठ ते बारा तास. पाणी चालतं, प्यावंच. आदल्या दिवशी जिममध्ये घाम गाळू नकोस, यकृताच्या तपासणीतले काही आकडे त्याने वाढतात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असशील तर आधी सांग. थायरॉइडचे आकडे त्यांनी चुकीचे येऊ शकतात.

आणि रक्तात सगळं दिसत नाही. रक्तदाब तर दिसतच नाही, तो वेगळा मोजावा लागतो. तब्येत चांगली असताना ट्यूमर मार्करच्या (रक्तात कर्करोगाच्या खुणा शोधणाऱ्या तपासण्यांच्या) वाटेला जाऊ नकोस. खोटी भीती पदरात पडते.

जुने रिपोर्ट शोधून एका वहीत उतरव: तारीख, आकडा, एकक, उपाशी होतास का, तेव्हा ताप किंवा औषध चालू होतं का. घरात कुणाला मधुमेह, हृदयविकार किंवा थायरॉइडचा त्रास कितव्या वर्षी सुरू झाला, तेही विचारून लिही. तपासणी दरवर्षी हवी की काही वर्षांनी, हे डॉक्टर त्यावरूनच ठरवतील.

तुझा,
दादा