प्रूफ संच की साधं चांदीचं नाणं?

प्रश्न : बचतीतली काही रक्कम चांदीच्या नाण्यांत घालायचा विचार आहे. विक्रेता म्हणतो, मर्यादित संख्येत पाडलेला, पेटीतला प्रूफ संच घ्या, त्याची किंमत वाढतच जाते. मला जुनी नाणीही आवडतात. घरात एक काळवंडलेलं नाणं सापडलंय, ते पॉलिश करू का? छंदही होईल, गुंतवणूकही होईल. सुरुवात कशाने करू? याच बचतीतून चार वर्षांनी घरासाठी पैसे काढावे लागतील.

उत्तर : शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण माझ्या दृष्टीने तेच पहिलं. चार वर्षांनी नक्की लागणारे पैसे चांदीत घालू नका; नाण्यांतही नको, लगडीतही नको. जानेवारी 1980 मध्ये चांदी औंसाला 50 डॉलरच्या घरात होती आणि मार्च संपता संपता 11 डॉलरच्या आसपास आली. एप्रिल 2011 मध्ये ती पुन्हा पन्नाशीजवळ पोहोचली, 2015 अखेर 14 च्याही खाली होती. या धातूची मोठी मागणी कारखान्यांकडून येते आणि त्याचा बाजार सोन्यापेक्षा बराच लहान आहे, त्यामुळे हेलकावे मोठे. तेव्हा घराचा वाटा आधी बाजूला काढा. उरेल त्याबद्दल बोलू.

आता त्या संचाचं. प्रूफ म्हणजे नाणं पाडण्याची पद्धत : चकाकी दिलेली चकती, खास तयार केलेले ठसे, एकाहून अधिक वेळा दाब. दिसतं देखणंच. पण आतली चांदी साध्या नाण्याइतकीच असते आणि बाकी पैसे कारागिरी, पेटी आणि प्रमाणपत्राचे. समजा 100 रुपयांच्या चांदीला तुम्ही 200 मोजले आणि विकताना दुकानदाराने धातूच्या भावावर जेमतेम 5 टक्के जास्त दिले, तर मुद्दल सुटायला चांदी 90 टक्क्यांनी वाढायला हवी. साध्या बुलियन नाण्याला (म्हणजे मुख्यतः धातूच्या किमतीसाठी घेतल्या जाणाऱ्या नाण्याला) 118 मोजून 97 मिळत असतील, तर सुमारे 22 टक्के. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, पण हाच हिशेब खऱ्या भावांवर करून बघा. त्या विक्रेत्यालाच विचारा, ‘हाच संच आज मी तुम्हाला विकायला आणला तर काय द्याल?’ उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो, तेही पाहा. माझं मत : हा संच घेऊ नका. आवडलाच असेल तर दागिन्यासारखा घ्या आणि गुंतवणुकीच्या वहीत लिहू नका.

गुंतवणुकीसाठी एक औंसाची, जगभर ओळखली जाणारी नाणी बरी : अमेरिकन सिल्व्हर ईगल (1986 पासून), कॅनडाचं मेपल लीफ (1988 पासून), ब्रिटनचं ब्रिटानिया, ऑस्ट्रियाचं फिलहार्मोनिक. ओळखीचं नाणं विकताना समजावून सांगावं लागत नाही. नाण्यावर छापलेल्या दर्शनी मूल्याकडे दुर्लक्ष करा. मात्र वजन आणि शुद्धता वाचाच. इथला औंस ट्रॉय औंस असतो, म्हणजे 31.1 ग्रॅम, चीनचं पांडा नाणं मात्र 2016 पासून 30 ग्रॅमचं झालं. चांदीचं ब्रिटानिया 2012 पर्यंत 958 शुद्धतेचं (हजारात 958 भाग चांदी) होतं, 2013 पासून 999 चं आहे. म्हणून तुलना नेहमी शुद्ध चांदीच्या ग्रॅममागे करा. अर्धा-पाव औंसाची नाणी स्वस्त वाटतात, पण ग्रॅममागे महाग पडतात. आणि सगळं एकदम घेऊ नका, टप्प्याटप्प्याने घ्या.

जुन्या नाण्यांचा छंद जरूर करा, फक्त त्याचे पैसे वेगळे ठेवा. ते परत आले नाहीत तरी चालतील, इतकेच. यात नवख्याला फसवते ती तारीख. ऑस्ट्रियाच्या ‘मारिया थेरेसा थेलर’ या चांदीच्या नाण्यावर 1780 लिहिलेलं असतं, पण ती तारीख तशीच ठेवून पुढे कित्येक दशकं ही नाणी पाडली गेली. उलट, भरपूर पाडलेलं नाणं आज कमी उरलेलं असू शकतं : 1918 च्या पिटमन कायद्याखाली अमेरिकेने 27 कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले. जुनं म्हणजे चांदीचं, असंही नाही. ब्रिटनच्या चांदीच्या नाण्यांत 1919 पर्यंत 92.5 टक्के चांदी होती, 1920 पासून 50 टक्के, आणि 1947 पासून चलनातल्या नाण्यांत अजिबात नाही. नाण्याआधी त्या मालिकेचा कॅटलॉग घ्या. तो खर्च पहिल्याच सौद्यात वसूल होतो. महागडं नाणं घेताना ते पीसीजीएस किंवा एनजीसीसारख्या संस्थेने तपासून 70 च्या मापावर दर्जा दिलेलं असावं, आणि प्रमाणपत्राचा क्रमांक संस्थेच्या नोंदीत जुळवून पाहावा.

खोटं नाणं ओळखायला चुंबक हा पहिला उपाय, पण अपुरा. चांदी चुंबकाला चिकटत नाही, तसं तांबं आणि शिसंही चिकटत नाही. वजन, व्यास आणि जाडी तिन्ही मोजा. बनावटीत सहसा यातलं एखादं तरी चुकतं.

घरात सापडलेलं काळवंडलेलं नाणं पॉलिश करू का, असंही तुम्ही विचारलंय. अजिबात नको. तो काळा थर चांदी आणि गंधकाच्या संयोगाचा आहे. घासला की नाण्याचा मूळ पृष्ठभागही खरवडला जातो आणि जाणकार संग्राहक लगेच किंमत पाडून मागतो. ते कडेने धरा, पीव्हीसी नसलेल्या कॅप्सूलमध्ये ठेवा आणि विकायचा विचार करण्याआधी एकाऐवजी दोन जाणकारांना दाखवा.