मक्ता, मक्तेदारी आणि 'भाडेशोध'

मनोरंजन उद्योगावरच्या लेखासाठी 'पायरसी'ला 'वाङ्मयचौर्य' आणि 'रेंट सीकिंग'ला 'भाडेशोध' चालेल का, असं विचारलंय. दोन्ही नाही चालणार. वाङ्मयचौर्य तर हल्ली कुठेही चिकटवतात, वैताग येतो. दुसऱ्याचं लिखाण आपल्या नावावर खपवणं म्हणजे वाङ्मयचौर्य. फुटपाथवरच्या पायरेटेड कादंबरीवर लेखकाचं नाव ठळक असतं, त्या नावावरच ती विकली जाते, बुडतात ते लेखक-प्रकाशकाचे पैसे.

'भाडेशोध'मधून घरभाड्यापलीकडे काही कळत नाही. मुद्दा असा की नवीन काही न बनवता सरकारकडून हक्क, परवाना, मुदतवाढ मिळवून कमाई करायची. अर्थतज्ज्ञ अ‍ॅन क्रूगरबाईंनी 1974 साली हा शब्द रूढ केला तो भारत आणि तुर्कस्तानातल्या आयात परवान्यांवर लिहिताना. आणि यासाठी आपल्याकडे आयता शब्द आहे, मक्ता! सरकारात ठरलेली रक्कम भरायची, वसुलीचा हक्क घ्यायचा, मग रयतेकडून निघेल तेवढं काढायचं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती, म्हणजे एकेका भागाच्या महसूल वसुलीचा कारभार, अशाच दिल्या जायच्या. मक्ता शब्द मूळ अरबी, धातू क-त-अ, अर्थ कापणं, तोडणं. सुलतानांच्या काळातला 'इक्ता', म्हणजे महसूल वसुलीसाठी सरदाराला तोडून दिलेला मुलूख, यातलाच, आणि गझलेचा मक्ता, जिथे गझल तोडतात तो शेवटचा शेर, तोही याच धातूचा, शेराचे तुकडे पाडून वृत्त तपासतात ती तक्तीअसुद्धा! मला तर वाटतं आपलं 'मुलूख तोडून दिला' हेही त्या अरबी कल्पनेवरूनच आलं असावं, कुणी खोडून काढलं तर ऐकायला तयार आहे.

'मक्तेदारी' परकी म्हणून 'एकाधिकार' म्हणा सांगणाऱ्या भाषाशुद्धीवाल्यांशी मात्र माझं भांडण आहे. एकाधिकारात हक्क कुणी तोडून दिला तेच दिसत नाही. रवींद्रनाथ 1941 साली गेले, कॉपीराइटची 50 वर्षं 1991 अखेर भरत होती, तेवढ्यात सरकारनं मुदत 60 केली आणि हक्क त्यांच्याच विश्वभारती संस्थेकडे आणखी 10 वर्षं राहिले. त्यामुळे नवी कविता एकही आली नाही, वाचकाला स्वस्त आवृत्ती मात्र 10 वर्षं उशिरा मिळाली. याला एकाधिकार म्हणून काय कळणार? रेंट सीकिंगला मी 'मक्तेखोरी' म्हणेन, लाचखोरीसारखं.

पायरसीचं राहिलंच. पायरसीच लिहा, सगळ्यांना कळतं. चाचेगिरी म्हटलं की वाचकाला समुद्र आणि गलबतं दिसतात.