उदबत्ती की अगरबत्ती? आणि मग ऊद म्हणजे काय?

एका वाचक ताईंचा प्रश्न आहे: "ध्यानवर्गात ‘धूप लावा’ म्हणतात, दुकानदार ‘अगरबत्ती’ म्हणतो, सासूबाई ‘उदबत्ती’ म्हणतात. तिन्ही एकच का? आणि ‘उदबत्ती’तला ऊद अरबी आहे, म्हणून पूजेपुरता तो शब्द टाळावा, असं एकांनी सांगितलं. ते बरोबर आहे का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: टाळू नये, अजिबात नाही. उदबत्ती आणि अगरबत्ती हे एकाच अर्थाचे शब्द आहेत, अगदी घटकाला घटक जुळवून. धूप मात्र वेगळा.

ऊद अरबी आहे हे खरं. तिथे त्याचा मूळ अर्थ लाकूड, काठी. ऊद नावाचं अरबी तंतुवाद्य आहे, तेही याच शब्दावरून. पुढे ‘ऊद’ म्हटलं की एक खास सुगंधी लाकूड असा अर्थ रूढ झाला, आणि ते लाकूड म्हणजे आपला अगरु, बोलीतला अगर. आसामात आणि त्याच्या पूर्वेकडच्या देशांत हे झाड वाढतं. निरोगी झाडाचं लाकूड फिकट, हलकं आणि जवळजवळ बिनवासाचं असतं. खोडाला किडीने भोक पाडलं, जखमेत बुरशी शिरली, की झाड स्वतःला वाचवायला गडद राळ तयार करतं. राळेने भरलेला तेवढाच भाग म्हणजे अगर. अमरकोशात अगरूला जी नावं दिली आहेत त्यांत ‘कृमिज’ आहे, ‘लोह’ आहे आणि ‘राजार्ह’ही आहे. किड्यांपासून झालेला, लोखंडासारखा, राजाला शोभणारा! तीन शब्दांत झाडाचा रोग, लाकडाचं रूप आणि बाजारभाव, सगळं आलं. मला ही नावं फार आवडतात. कालिदासाच्या रघुवंशात रघू लौहित्य नदी ओलांडतो तेव्हा प्राग्ज्योतिषाचा राजा कापतो, आणि रघूचे हत्ती ज्यांना बांधले होते ते काळ्या अगरूचे वृक्षही त्याच्याबरोबर कापतात. लौहित्य म्हणजे ब्रह्मपुत्रा. झाडाचा पत्ता कवीला नेमका ठाऊक होता.

तेव्हा ‘अगर’ हे संस्कृताकडून आलेलं नाव आणि ‘ऊद’ हे अरबीकडून आलेलं, वस्तू एकच. दोन्हीला ‘बत्ती’ जोडली. ही बत्ती संस्कृत ‘वर्ति’पासूनची, आणि तिचं मराठी रूप म्हणजे समईतली ‘वात’. ‘व’चा ‘ब’ झाला तो उत्तरेकडे, म्हणून बत्ती हिंदीच्या वळणाची. अगरबत्तीला शुद्ध आणि उदबत्तीला परकी ठरवणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की ‘उदबत्ती’ दक्षिणेतही रुजलेली आहे. कन्नडमध्ये ‘ऊदुबत्ती’ म्हणतात, ‘ऊदिन कड्डी’ म्हणजे उदाची काडी असंही म्हणतात, आणि तिथल्या देवळांत कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

खरी गंमत पुढे आहे. मराठीत आल्यावर ऊद लाकडाचा राहिलाच नाही, डिंकाचा झाला. निखाऱ्यावर ‘ऊद घाल’ म्हटलं की आपण खडे टाकतो, ढलपे नाही. मराठी बायबलमध्ये पूर्वेकडचे ज्ञानी लोक बाळ येशूला ‘सोने, ऊद व गंधरस’ अर्पण करतात, तिथे ऊद म्हणजे अरबस्तानाकडचा पांढरट डिंक. अरबीत त्या डिंकाचं नाव लुबान. पांढरेपणा आणि दूध दाखवणाऱ्या शब्दमूळापासूनचं. तोच आपला ‘लोबान’ शब्द. पण आपल्या बाजारात लोबान म्हणून जे मिळतं ते बहुधा सुमात्राकडच्या वेगळ्याच झाडाचं असतं. अरब व्यापारी त्याला ‘लुबान जावी’, जावाकडचा लुबान, म्हणत. त्याचाच युरोपात ‘बेंझॉइन’ झाला. नाव तेच राहिलं आणि जहाजातला माल बदलला, असं या शब्दांच्या बाबतीत वारंवार झालंय.

आता धूप. धूप हे एका पदार्थाचं नाव नाही. सुगंधी धूर देणारं द्रव्य, तो धूर, आणि सोळा उपचारांतला तो उपचार, या सगळ्याला धूप म्हणतात. पूजेतला मंत्रच सांगतो: ‘वनस्पतिरसोद्भूतो गन्धाढ्यो गन्ध उत्तमः’. झाडाच्या रसातून झालेला, म्हणजे राळ, गुग्गुळ, सालईचा डिंक हे सगळं. म्हणून मराठीत धूप घालतात, जाळतात, दाखवतात. लावतात ती उदबत्ती. ध्यानवर्गातलं ‘धूप लावा’ हे धूपकांडी आल्यानंतरचं असावं. कांडीला काडी लावतात, तेव्हा ते चूकही नाही. पण निखाऱ्यावर खडा टाकायचा असेल तर ‘घाला’च म्हणावं. ज्यात घालतात ते धुपाटणं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती आलं धुपाटणं, ही म्हण सगळ्यांना पाठ असते, आणि धुपाटणं पाहिलेलं नसतं! वर खोलगट वाटी आणि खाली पोकळ बैठक, असं ते असतं. तेल वरच्या बाजूला घेतलं आणि तुपासाठी तेच उलटं केलं, अशी त्या म्हणीमागची गोष्ट सांगतात.

लेखनाबद्दलही ताईंनी विचारलंय. ‘ऊद’ दीर्घ, कारण अकारान्त शब्दातला उपान्त्य, म्हणजे शेवटच्या अक्षराच्या आधीचा, उकार दीर्घ असतो. पण ‘उदाचा’ ऱ्हस्व, जसं दूध-दुधाचा. त्याच न्यायाने ‘उदबत्ती’. ‘धूप’ तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, असल्याने ‘धूपाचा’ दीर्घच राहतो, मात्र ‘धुपाटणं’ आणि ‘धुपारती’ हे मराठीत घडलेले शब्द ऱ्हस्व. आणि पूजेतला तो धूप, पुल्लिंगी. पावसाने जमिनीची होते ती धूप, स्त्रीलिंगी. ‘देवापुढे धूप घातली’ असं हल्ली ऐकू येतं, ते ‘घातला’ हवं.