जागल्या की खबऱ्या?

एका वाचकमित्रांचा प्रश्न आहे. त्यांच्या कंपनीच्या सूचनाफलकावर व्हिसलब्लोअर धोरणाचा मराठी मसुदा लागलाय. गैरप्रकार कळवणाऱ्या कामगाराला त्यात ‘खबऱ्या’ म्हटलंय. वर्तमानपत्रांत ‘जागल्या’ दिसतो, पण तो तर गावचा पहारेकरी ना? मग बरोबर काय?

‘खबऱ्या’ आधी काढायला सांगा. खबऱ्या पोलिसांचा असतो, बातमी पुरवतो आणि त्याच्या हातावर काहीतरी पडतं. फलकावर हे नाव वाचून कुठला कामगार पुढे येईल? ‘माफीचा साक्षीदार’ तर गुन्ह्यात सामीलच असतो. ‘तक्रारदार’ चुकीचा नाही, पण पगार उशिरा झाला म्हणून अर्ज करणाराही तक्रारदारच.

‘जागल्या’ हाच शब्द, आणि पहारेकरी म्हणूनच. गावगाड्यात रात्रीची राखण करायचा तो जागल्या. आमच्या विदर्भात शब्दाचं हे घराणं अजून शेतात नांदतंय. हरभरा उभा असला की माणसं ‘जागलीला’ जातात. लहानपणी मामांबरोबर मीही गेलोय. मचाणावर घोंगडी, खाली शेकोटी, हाताशी पत्र्याचा रिकामा डबा. धुऱ्यावरून रानडुकरं आत शिरली की मामा डबा बडवायचे आणि शेजारच्या शेतापर्यंत पोचेल अशी हाळी द्यायचे. जागलीवरचा माणूस एकटा असतो, जनावराचा धोकाही आधी त्यालाच. पण तो परका नसतो. ज्या पिकासाठी ओरडतो, त्यावर त्याचंही पोट असतं. खबऱ्यात आणि त्याच्यात फरक पडतो तो इथे.

नोकरीत तोंड उघडणाऱ्याला पहिला टोमणा बसतो, ‘खाल्ल्या मिठाला जागला नाही.’ इथेही क्रियापद ‘जागणे’च! म्हणजे टोमणाही त्यातूनच आणि मानाचं नावही त्यातूनच. मीठ साहेबाचं खाल्लं की संस्थेचं, एवढंच ठरवायचं असतं. खोट्या बिलावर सही करायला नकार देऊन ते वर कळवणारा कारकून मला तरी मिठाला पुरता जागलेला वाटतो.

गंमत नव्हे, कायद्याचा शब्दही इथेच येऊन मिळतो. २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १७७नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना आणि इतर काही कंपन्यांना ‘व्हिजिल मेकॅनिझम’ ठेवावी लागते. कळवणाऱ्याचा छळ होऊ नये याची तजवीज तिच्यात हवी, आणि तशीच वेळ आली तर त्याला थेट लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांपर्यंत जाता यायला हवं. व्हिजिल म्हणजे जागता पहारा. मग ‘जागल यंत्रणा’ म्हणायला काय हरकत आहे?

मसुद्यात ‘निनावी’ आणि ‘गुप्त’ यांची गल्लत झालीय का, तेही पाहा. निनावी म्हणजे नावच नाही. गुप्त म्हणजे नाव दिलंय, पण ते झाकून ठेवायचंय. २०१४च्या जागल्या संरक्षण कायद्यात निनावी तक्रारीवर कारवाईच होत नाही. नाव द्यायचं, आणि ते फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. हा कायदा सरकारी कारभारापुरता आहे आणि मंजूर होऊनही लागू झालेला नाही, याची मला मनापासून चीड येते. महामार्ग प्राधिकरणातले अभियंते सत्येंद्र दुबे यांनी सुवर्ण चतुष्कोणाच्या कामातला भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला कळवला होता. नाव गुप्त ठेवा, असंही विनवलं होतं. तरी ते पत्र नावासकट दफ्तरांतून फिरलं. नोव्हेंबर २००३मध्ये गया इथे त्यांचा खून झाला. पुढे एप्रिल २००४मध्ये केंद्राने ठराव काढून अशा तक्रारी घेण्याचं काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे दिलं. दक्षता, म्हणजे पुन्हा जागंच राहणं.

तुमच्या फलकासाठी मी असं लिहीन: ‘जागल्याचे नाव गुप्त ठेवले जाईल. गैरप्रकार कळवला म्हणून त्याची बदली, निलंबन किंवा छळ होणार नाही.’ आणि अनेकवचन ‘जागले’.