शिक्षकाची नोकरी, जपानी घर आणि आपला तवा

जपानमध्ये घर भाड्याने घेतलं की हातात चावी येते आणि समोर रिकाम्या खोल्या. छताला दिवे नसतात, खिडक्यांना पडदे नसतात, बऱ्याच ठिकाणी गॅसची शेगडीही नसते. ‘जेट’सारख्या, परदेशी शिक्षकांना जपानी शाळांत नेमणाऱ्या सरकारी कार्यक्रमातून शिकवायला जाणाऱ्यांना अनेकदा आधीच्या शिक्षकाचंच घर मिळतं. तसं असेल तर निघण्यापूर्वी त्यांना पत्र लिहून एकेक वस्तू नावानिशी विचारा: शेगडी, फ्रिज, वॉशिंग मशीन, दिवे, पडदे, फुतोन (जमिनीवर अंथरायची गादी). यातलं काय मागे राहणार आहे आणि त्याचे किती पैसे द्यायचे आहेत? ‘घर सुसज्ज आहे’ एवढ्या उत्तरावर विसंबू नका.

पहिल्या रात्रीची खरी अडचण गॅसची असते. वीज साधारणपणे मुख्य ब्रेकर वर केला की येते, पाण्याचंही फोनवर भागतं. गॅस सुरू करायला मात्र कंपनीचा माणूस घरी येतो आणि त्या वेळी घरात कोणीतरी असावं लागतं. गॅस नाही तर बहुतेक घरांत गरम पाणीही नाही. मार्चअखेर ते एप्रिल या काळात शाळा आणि कचेऱ्यांचं वर्ष बदलतं, निम्मा देश घरं बदलत असतो, आणि तेव्हा गॅसवाल्याची वेळ मिळणं कठीण जातं. तारीख ठरली की आधी गॅसची वेळ घ्या. शाळेतल्या सहकाऱ्याला फोन करायला सांगण्यात संकोच नको.

दुसरं काम शियाकुशोचं, म्हणजे नगरपालिकेच्या कचेरीचं. घरात राहायला लागल्यापासून १४ दिवसांच्या आत पासपोर्ट आणि झाइर्यू कार्ड, म्हणजे परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र, घेऊन पत्ता नोंदवावा लागतो. कार्डाच्या मागे पत्ता छापून मिळाला की फोन आणि बँकेचं काम पुढे सरकतं. कुटुंब सोबत असेल तर विवाह प्रमाणपत्र आणि मुलांचे जन्मदाखले मूळ प्रत बरोबर हवेत, आणि त्यांचं जपानी भाषांतर. भाषांतर करणाऱ्याचं नाव त्यावर असावं.

इथे आपल्याकडची एक खास गुंतागुंत होते. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. झाइर्यू कार्डावर ते सगळं येतं. बँकेत काताकाना लिपीत नाव लिहिताना कोणी मधलं नाव गाळतं, कोणी ‘कुलकर्णी’ एका ठिकाणी एका तऱ्हेने आणि दुसरीकडे दुसऱ्या तऱ्हेने लिहितं. मग पगार जमा होताना नाव जुळत नाही. पहिल्याच दिवशी काताकानातलं एक रूप ठरवा, कागदावर लिहून पाकिटात ठेवा आणि सगळीकडे तेच द्या. टपालपेटीवरही आडनाव लावा. नाव जुळलं नाही तर बँकेचं कार्ड असलेलं पाकीट परत जाऊ शकतं.

आता स्वयंपाकघर. शेगडी घेण्याआधी गॅस कोणता ते विचारा: शहराचा पाइपचा (तोशी गॅस) की सिलिंडरचा प्रोपेन. दोन्हींच्या शेगड्या वेगळ्या असतात आणि एकाची दुसऱ्यावर लावणं धोक्याचं आहे. नळीही वेगळी: पाइपच्या गॅसची फिकट रंगाची, प्रोपेनची नारिंगी. ओट्याची जागा मोजून घ्या. साधारण ६० सेंटिमीटर आणि ५६ सेंटिमीटर अशा दोन रुंदीच्या शेगड्या मिळतात. मोठ्या ज्योतीचा बर्नर डावीकडे की उजवीकडे हेही निवडावं लागतं. भिंत ज्या बाजूला असेल तिच्या विरुद्ध बाजूचा घ्या.

भाकरी-चपाती करणाऱ्यांना सगळ्यात जास्त छळतो तो बर्नरच्या मध्यावरचा गोल खुंट. २००८ पासून जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या जवळजवळ सगळ्या घरगुती शेगड्यांच्या प्रत्येक बर्नरवर तापमान ओळखणारा हा संवेदक असतो. कोरडा तवा तापला की तो ज्योत आपोआप बारीक करतो, कधी विझवतोही. तव्यावर भाकरी फुगायच्या ऐन वेळी आच गेली की शेगडी बिघडली असं वाटतं, पण ती तेलाला आग लागू नये म्हणून केलेली सोय आहे. बऱ्याच शेगड्यांवर जास्त आचेवर परतण्यासाठी एक बटण असतं. ते सुमारे तीन सेकंद दाबून धरलं की संवेदकाची मर्यादा काही वेळ वाढते. बहुतेकदा हे फक्त मोठ्या बर्नरवर चालतं, म्हणून तवा तिथेच ठेवा. शेगडी विकत घेताना हे बटण आहे का ते पाहा. खोलगट बुडाची कढई खुंटाला नीट टेकत नाही, तेव्हा तळणीसाठी सपाट बुडाचीच वापरा. घरात इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर निरुपयोगी ठरतो. चुंबक चिकटेल असा स्टीलचा कुकर न्या.

मिक्सरबद्दल आधीच सांगून ठेवतो: जपानची वीज १०० व्होल्टची आहे आणि आपला २३० व्होल्टचा मिक्सर तिथे नीट फिरत नाही. ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण मिक्सर सुरू होताना जास्त करंट ओढतो. म्हणून ७५० वॉटच्या मिक्सरला दीड हजार वॉटच्या आसपासचा, चांगलाच जड ट्रान्सफॉर्मर लागतो. त्यापेक्षा अमेरिकेसाठी बनणारा ११० व्होल्टचा मिक्सर भारतातून घेऊन जा. जरा कमी जोराने, पण चटणी-वाटण होतं. प्लग तीन पिनांचा असेल तर दोन भोकांच्या सॉकेटसाठी अडॅप्टर लागेल. एका सॉकेटवर १५०० वॉटच्या वर भार टाकू नका. घराचा करार ३० ॲम्पियरचा असेल तर एकूण ३००० वॉट मिळतात. एसी, मायक्रोवेव्ह आणि पाण्याची किटली एकदम लावली की ब्रेकर पडतो.

फोडणीचं तेल भिंतीवर उडतं आणि घर सोडताना त्याचा हिशोब होतो. शंभर येनच्या दुकानात ॲल्युमिनियमचे आडोसे आणि एक्झॉस्ट पंख्याच्या जाळीवर लावायची कागदी आवरणं मिळतात. पहिल्याच आठवड्यात लावा, दर महिन्याला बदला. उरलेलं तेल सिंकमध्ये ओतायचं नसतं. त्यात घट्ट करणारी पावडर मिसळा किंवा ते जुन्या वर्तमानपत्रात टिपून घ्या, आणि जळणाऱ्या कचऱ्यात टाका.

कचऱ्याचे नियम गावोगावी बदलतात, म्हणून पत्ता नोंदवायला जाल त्याच दिवशी कचऱ्याचं वेळापत्रक मागून घ्या. बऱ्याच ठिकाणी ठरावीक पिशव्याच चालतात. त्या त्या प्रकारचा कचरा त्याच्या वारी सकाळी, साधारण आठच्या आत ठेवायचा असतो. आदल्या रात्री ठेवू नका, कावळे पिशव्या फोडतात. चुकलेली पिशवी उचलली जात नाही, तिच्यावर कागद चिकटवलेला असतो. छोट्या गावात नवे शिक्षक कोण आहेत ते सगळ्यांना माहीत असतं, म्हणून हे जपा. निर्माल्य नदीत सोडू नका, कागदात गुंडाळून जळणाऱ्या कचऱ्यात द्या. देवघर धुराच्या अलार्मखाली मांडू नका. उदबत्तीनेही तो वाजू शकतो.

जून-जुलैच्या त्सुयूत, म्हणजे पावसाळी दिवसांत, बुरशी ही कोकणातल्या घरासारखीच येते. फुतोन तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटईवर, अंथरून ठेवला की खाली आठवडाभरात काळे डाग दिसू शकतात. रोज सकाळी घडी करा, ओशिइरेच्या कपाटात लाकडी जाळीवर ठेवा, कपाटाचं दार थोडं उघडं राहू द्या. न्हाणीचा पंखा चालू ठेवा. बुरशी काढणारं क्लोरीनचं औषध आणि आम्लाचं स्वच्छतेचं औषध कधीही एकत्र वापरू नका, विषारी वायू तयार होतो. बाटलीवर जपानीत ‘माझेरुना किकेन’ (मिसळू नका, धोका) असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं.

मोठा भूकंप झाला की गॅसचा मीटर स्वतःहून बंद होतो. वास येत नसेल तर सगळी उपकरणं बंद करा, मीटरवरच्या परत सुरू करण्याच्या बटणाचं टोपण काढून ते दाबून सोडा, मग पाइपच्या गॅससाठी तीन मिनिटं थांबा. लाल दिव्याची उघडझाप थांबली की गॅस चालू. वास येत असेल तर खिडक्या उघडा, दिव्याचं बटणही दाबू नका आणि बाहेर जाऊन फोन करा.

घरात शिरल्यावर सामान लावण्याआधी प्रत्येक भिंत, तातामी, न्हाणी आणि ओरखडा यांचे तारखेसह फोटो काढा, एजंटलाही पाठवा. सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनुसार नेहमीच्या वापराची झीज घरमालकाच्या खात्यावर जाते, साध्या टाचणीची भोकंही. खिळे-स्क्रूची भोकं आणि साफ न केल्यामुळे साचलेला तेलकट थर यांचा खर्च मात्र भाडेकरूच्या माथी येतो. तो शिकिकिनमधून, म्हणजे अनामतीतून, कापला जातो. घर सोडण्याची सूचना साधारण एक महिना आधी द्यावी लागते. सूचना द्याल त्याच दिवशी मोठ्या सामानाच्या कचऱ्यासाठीही नोंदणी करा. फ्रिज, टीव्ही, एसी आणि वॉशिंग मशीन मात्र त्यात चालत नाहीत. त्यांच्या पुनर्वापराचं शुल्क वेगळं भरावं लागतं.