बैठकीत सिम्फनी हॉल: एफडी मोडू का?

नांदेडच्या एका प्राध्यापक वाचकांचा प्रश्न: 12 बाय 15 फुटांच्या बैठकीत पाश्चात्त्य ऑर्केस्ट्राची सिम्फनी हॉलमध्ये बसल्यासारखी ऐकायची आहे. स्पीकर-संचाचं दुकानदाराचं कोटेशन 3,40,000 रुपयांचं. त्यासाठी 4 लाखांची एफडी मोडावी, की 24 महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घ्यावं?

सर, दोन्ही नको. पगार हातात 68,000, घराचा हप्ता 19,000, घरखर्च 38,000, उरतात 11,000. ईएमआय 14,167 येतो, म्हणजे पहिल्याच महिन्यात ओढाताण. शिवाय नो-कॉस्टमध्ये व्याजाइतकी सूट दाखवली, तरी त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बहुतेक वेळा तुम्हीच भरता.

एफडीची मुदत पाच महिन्यांवर आलीय. आत्ता मोडली तर ठेव जितके दिवस राहिली त्या मुदतीचा दर लागतो, वर साधारण अर्धा ते एक टक्का दंड. आणि ते पैसे मोकळे कुठे आहेत? लेकीच्या लातूरच्या क्लास-होस्टेलचे 1,60,000 तुम्हीच लिहिलेत. अडीनडीला तीन महिन्यांचे 1,71,000 हवेतच. राहिले 69,000.

आता कोटेशन. रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारं यंत्र) 95,000, पुढच्या स्पीकरची जोडी 80,000, सेंटर म्हणजे मधला स्पीकर 30,000, मागची जोडी 35,000, सबवूफर (खर्जाचा स्पीकर) 45,000, छतातले चार स्पीकर बसवण्यासकट 55,000. हे सिनेमाचं सामान आहे. ऑर्केस्ट्राची बहुतेक रेकॉर्डिंग स्टिरिओ, म्हणजे पुढच्या दोन स्पीकरसाठीच असतात. सेंटर, छत, सबवूफर आज खुशाल वगळा; मागची जोडी मात्र हॉलसारख्या घुमण्यासाठी ठेवा. रिसीव्हरही पाच चॅनलचा, म्हणजे पाच स्पीकर चालवणारा पुरे, 45,000 च्या आसपास.

कोटेशनमध्ये नसलेली गोष्ट म्हणजे तुमची खोली. व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइन या संगीत सभागृहात आवाज विरायला साधारण दोन सेकंद लागतात, पण भिंती दूर असल्याने पहिला परावर्तित आवाज थोडा थांबून येतो. आवाज एका मिलिसेकंदात साधारण एक फूट जातो. तुमची भिंत पाच-सहा फुटांवर. तिथून आवाज लगेच परततो आणि कानाला खोलीचा लहानपणा कळतो. शहाबादी फरशी, उघडा स्लॅब, त्यामुळे टाळी वाजवली की ‘टर्रर्र’ ऐकू येईल. अशा खोलीत लाखाचा स्पीकरही पत्र्यासारखा वाजतो.

म्हणून आधी 20,000 खोलीवर: पुढे जाड गालिचा, खिडकीला दुहेरी पडदे, बाजूच्या भिंतींवर आवाज शोषणारे, रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर) भरलेले कापडी पॅनेल. त्यांची जागा सापडते अशी: एकाने भिंतीला आरसा लावून सरकवायचा, तुम्ही खुर्चीत, आरशात स्पीकर दिसला तिथं पॅनेल.

हिशेब असा बसतो. पाच महिन्यांत 55,000 साठतील, खोली उरकून 35,000 उरतील. एफडीचे 69,000 आणि पुढच्या दोन महिन्यांचे 22,000 धरून 1,26,000. सातव्या महिन्यात पुढची जोडी नि रिसीव्हर, अकराव्यात मागची जोडी. वर 10,000 उरतात ते वायर, स्टॅबिलायझर आणि अर्थिंगला. वळवाच्या दिवसांत विजा कडाडल्या की प्लग काढायचाच.

मागचे स्पीकर समोरच्या रेषेपासून 110 ते 120 अंशांवर, कानापेक्षा फूटभर उंच. रिसीव्हरमध्ये हॉलचा मोड (हॉलसारखं घुमणं तयार करणारी सोय) असेल तर लावा, मग मागचा आवाज कमी करत न्या. ते चालू आहेत हे जाणवेनासं झालं, की थांबा. ख्याल ऐकताना मोड बंद ठेवा, दोन सेकंदांच्या घुमण्यात द्रुत ताना एकमेकींत मिसळतात.

एफडी पुन्हा करताना 1,71,000 ची एकच पावती करू नका. तीन करा, म्हणजे अडचणीत एकच मोडावी लागेल.