वाचक विचारतात : पानातून गेलेली विनंती कुठे अडते?

या अंकासाठी बडोद्याहून आलेले बरेच प्रश्न एकाच जातीचे निघाले. पान नीट उघडतं, बटण दाबलं जातं, पण स्क्रिप्टने मागच्या मागे सर्व्हरकडे पाठवलेली विनंती फसते. सगळ्यांनाच आधी एक सांगणं : एफ-१२ दाबून नेटवर्क टॅब उघडा, ‘प्रिझर्व्ह लॉग’वर खूण करा आणि मगच बटण दाबा. पत्रांत बहुतेकांनी कन्सोलमधली लाल ओळ तेवढी उतरवून पाठवली आहे. ती ओळ ब्राउझरची तक्रार असते. खरं कारण पुष्कळदा वेगळंच निघतं.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या घरगुती आरास स्पर्धेसाठी लोक पानावरून फोटो पाठवतात. फोटो घेणारा पीएचपी प्रोग्राम वेगळ्या सबडोमेनवर आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले फोटो जातात. फोनच्या कॅमेऱ्यातले चार-पाच एमबीचे फोटो गेले की ‘ब्लॉक्ड बाय कॉर्स पॉलिसी’ येतं. पीएचपीमध्ये परवानगीचा हेडर घातलेला आहे, तरी तेच. ‘नो-कॉर्स’ मोड लावला तर एरर जाते, पण फोटो पोचला की नाही तेच कळत नाही. – एक कार्यकर्ता, दांडिया बाजार

उत्तर : कॉर्स म्हणजे एका डोमेनवरच्या पानाला दुसऱ्या डोमेनचं उत्तर वाचू द्यायचं की नाही, हे ठरवणारा ब्राउझरचा नियम. परवानगी सर्व्हर उत्तरासोबतच्या हेडरमध्ये, म्हणजे माहितीच्या ओळीत, देतो. लहान फोटो जातात याचा अर्थ तुमचा कॉर्सचा हेडर बरोबर आहे. कॉर्सचा नियम फोटोच्या आकारावर कधीच ठरत नाही, तेव्हा संशय दुसरीकडे घ्यायला हवा.

तुमच्या सर्व्हरवर पीएचपीच्या पुढे एनजिनएक्स हा वेब-सर्व्हर असणार. त्यात ‘क्लायंट मॅक्स बॉडी साइझ’ची मूळ मर्यादा १ एमबी असते. त्याहून मोठा फोटो आला की एनजिनएक्स तो दारातूनच परत पाठवतो आणि ४१३ क्रमांकाचं (‘विनंती फार मोठी’) स्वतःचं उत्तर देतो. पीएचपीपर्यंत विनंती पोचतच नाही, म्हणून पीएचपीत लिहिलेला हेडरही त्या उत्तरावर लागत नाही. ब्राउझरला हेडर नसलेलं उत्तर दिसतं आणि तो कॉर्सच्या नावाने ओरडतो. क्रोमच्या कन्सोलमध्ये त्या लाल ओळीच्या खालची ओळ वाचा, तिथे बहुधा ४१३ सापडेल. खात्रीच करायची तर टर्मिनलमधून कर्ल ही विनंती पाठवणारी आज्ञा वापरून तोच फोटो पाठवा. कॉर्स पाळायचं काम ब्राउझरचं आहे, कर्लला त्याचं सोयरसुतक नाही. त्यामुळे सर्व्हरचं खरं उत्तर समोर येतं.

दुरुस्ती तीन ठिकाणी करायची आहे. एनजिनएक्सच्या सर्व्हर ब्लॉकमध्ये ती मर्यादा १२ एमबी करा, ‘एनजिनएक्स -टी’ने फाइल तपासा, मग रीलोड. पीएचपीत ‘अपलोड मॅक्स फाइलसाइझ’ मुळात २ एमबी असतं, ते १० करा. ‘पोस्ट मॅक्स साइझ’ मुळात ८ असतं, ते १२ करा. हा आकडा आधीच्यापेक्षा मोठाच हवा. मग पीएचपी-एफपीएम रीस्टार्ट करा, नाहीतर जुनेच आकडे चालू राहतात. पीएचपीच्या या दोन मर्यादांपैकी पहिली ओलांडली तर निदान त्या फाइलपुढे एरर क्रमांक १ मिळतो. दुसरी ओलांडली तर ‘पोस्ट’ आणि ‘फाइल्स’ हे दोन्ही अ‍ॅरे रिकामे येतात, आणि तुमचा प्रोग्राम ‘नाव भरा’ म्हणत बसतो. नाव भरलेलं असतानाही.

हेडर पीएचपीऐवजी एनजिनएक्समध्ये ठेवा आणि ओळीच्या शेवटी ‘ऑलवेज’ लिहा. त्याशिवाय ‘अ‍ॅड हेडर’ यशस्वी आणि रिडायरेक्टच्या उत्तरांनाच लागतो, ४१३ किंवा ५०० ला लागत नाही. मात्र मग पीएचपीतला हेडर काढून टाकायला विसरू नका. दोन्हीकडून आला तर ‘एकाहून जास्त किमती’ म्हणून ब्राउझर पुन्हा कॉर्सचीच एरर देईल, आणि आपण काहीच सुधारलं नाही असं तुम्हाला वाटेल.

‘नो-कॉर्स’ काढाच. इंटरनेटवर हा सल्ला फार फिरतो आणि तो जवळजवळ नेहमीच चुकीचा असतो. त्या मोडमध्ये स्टेटस ० येतो, मजकूर वाचता येत नाही. एरर झाकली जाते, एवढंच.

आणखी दोन खड्डे याच वाटेवर आहेत. फॉर्मडेटा (स्क्रिप्टने बांधलेला फॉर्मचा गठ्ठा) पाठवताना कंटेंट-टाइप हेडर हाताने लिहू नका. ब्राउझर तो लिहितो तेव्हा तुकडे वेगळे करणारी ‘बाउंडरी’ त्यात घालतो. तुम्ही लिहिलात की ती नसते आणि सर्व्हरला काहीच उलगडत नाही. दुसरं, किती टक्के फोटो गेला हे दाखवायला एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्टच्या (स्क्रिप्टमधून विनंती पाठवायची जुनी पद्धत) अपलोडवर लिसनर लावलात, तर ब्राउझर आधी ‘ऑप्शन्स’ची चौकशी-विनंती पाठवतो. तिला २०० किंवा २०४ आणि परवानगीचे हेडर मिळाले नाहीत तर मूळ विनंती निघतच नाही.

आणि खरं विचाराल तर आरास बघायला पाच एमबी लागतात कशाला? कॅनव्हासवर लांब बाजू १६०० पिक्सेलची करून ‘टूब्लॉब’ने ०.८ दर्जाची जेपेग काढा आणि ती पाठवा. मंडळाच्या वाय-फायवरही सुखाने जाईल.

प्रश्न : शिकवणी वर्गाच्या फीचं पान सकाळी उत्तम चालतं. जेवून येऊन पहिलं बटण दाबलं की ‘अनएक्स्पेक्टेड टोकन <’ येतं. स्टेटस मात्र २०० दाखवतो. – रावपुरा

उत्तर : जेसनच्या (प्रोग्रामने वाचायच्या माहितीचा साचा) जागी एचटीएमएल, म्हणजे अख्खं पान, आलं आहे, आणि ते ‘<’ त्या पानाचं पहिलं अक्षर आहे. तुमच्या जेवणाच्या सुट्टीत सेशन, म्हणजे सर्व्हरने ठेवलेली तुमच्या लॉगिनची नोंद, संपतं. पीएचपीत सेशनचं मूळ आयुष्य १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं. त्यानंतर ते केव्हाही साफ होऊ शकतं. मग प्रोग्राम ३०२ देऊन लॉगिनच्या पानाकडे वळवतो. फेच (स्क्रिप्टमधून विनंती पाठवणारी ब्राउझरची सोय) गुपचूप तिकडे जातो, लॉगिनचं पान २०० सह, म्हणजे यशस्वी म्हणून, मिळतं, आणि तुम्ही ते जेसन समजून वाचायला जाता.

नेटवर्क टॅबमध्ये ती विनंती निवडून ‘रिस्पॉन्स’ बघा. लॉगिनचं पान दिसलं तर निदान पक्कं. त्याऐवजी सुरुवातीलाच ‘बीआर’ टॅग आणि ठळक अक्षरांत ‘वॉर्निंग’ दिसलं, तर गोष्ट वेगळी : पीएचपीची सूचना जेसनच्या आधी छापली जाते आहे. तेव्हा ‘डिस्प्ले एरर्स’ बंद करा, लॉग चालू ठेवा आणि ती सूचना मुळात का येते ते दुरुस्त करा.

सेशनच्या बाबतीत दुरुस्ती सर्व्हरवर हवी. स्क्रिप्टकडून आलेल्या विनंतीला रिडायरेक्ट न देता ४०१ (‘लॉगिन हवं’) आणि छोटं जेसन द्या. स्क्रिप्टमध्ये उत्तर उलगडण्याआधी ‘रिस्पॉन्स डॉट ओके’ तपासा. फेचचा कॅच, म्हणजे चूक पकडणारा भाग, फक्त नेटवर्क तुटलं, कॉर्सने अडवलं किंवा विनंती रद्द झाली तरच चालतो. ४०४ आणि ५०० त्याच्या लेखी यशस्वीच असतात. ही फेचची सर्वांत फसवी सवय आहे.

प्रश्न : फरसाणाची ऑर्डर घेणारं पान आहे. ‘पाठवा’ दाबलं की विनंती लाल होते, ‘कॅन्सल्ड’ लिहून येतं. पण कधीकधी तीच ऑर्डर दोनदा नोंदलेली सापडते. – मांजलपूर

उत्तर : फॉर्ममधल्या बटणाला ‘टाइप’ लिहिला नाही तर ते सबमिटचं बटण धरलं जातं. तुमची स्क्रिप्ट विनंती पाठवते आणि त्याच क्षणी फॉर्म पान नव्याने उघडतो. जुन्या पानाबरोबर त्याची विनंतीही मरते. फायरफॉक्स हेच ‘एनएस बाइंडिंग अबॉर्टेड’ म्हणून दाखवतो. बटणाच्या क्लिकवरचं काम फॉर्मच्या ‘सबमिट’ इव्हेंटवर न्या आणि पहिल्याच ओळीत ‘प्रिव्हेंट डिफॉल्ट’ बोलवा. क्लिकवर ठेवलंत तर एंटर दाबणाऱ्याची ऑर्डर वेगळ्याच वाटेने जाऊ शकते.

दोनदा नोंद होण्याचं कारण असं की ब्राउझरने रद्द केलं म्हणजे सर्व्हरने ते केलं नाही असं होत नाही. विनंती पोचलेली असते, फक्त उत्तर घ्यायला कुणी नसतं. गिऱ्हाईक पुन्हा दाबतं. पान उघडतानाच प्रत्येक ऑर्डरला एक वेगळा क्रमांक द्या आणि डेटाबेसमध्ये त्यावर ‘युनिक’ अट घाला. उत्तर येईपर्यंत बटण बंद ठेवणं बरं, पण भरवसा डेटाबेसच्या अटीवर ठेवा.

प्रश्न : स्थळं आणि घरभाड्याच्या छोट्या जाहिरातींची यादी माझ्या संगणकावर येते, भाच्याच्या लॅपटॉपवर येत नाही. – कारेलीबाग

उत्तर : त्याच्या नेटवर्क टॅबमध्ये ‘ब्लॉक्ड बाय क्लायंट’ दिसेल. पत्त्यात ‘अ‍ॅड्स’ हा शब्द असला की जाहिराती रोखणारं एक्स्टेन्शन तो अडवतं. फाइलला ‘यादी’ नाव द्या.

प्रश्न : दुकानाच्या पानावरच्या शोधात ‘सेव’ लिहिलं तरी कधीकधी ‘से’चे निकाल राहतात. आणि ‘पोहे & जिलेबी’ शोधलं तर नुसते पोहे येतात. – अलकापुरी

उत्तर : हे दोन वेगळे दोष आहेत. पहिल्यात ‘से’ची विनंती आधी निघून उत्तर मागाहून आलं आणि ताज्या निकालावर बसलं. विनंत्या ज्या क्रमाने सुटतात त्याच क्रमाने परततील असा नियम नाही. प्रत्येक नव्या विनंतीआधी अबॉर्टकंट्रोलरने जुनी रद्द करा, आणि टायपिंग थांबून ३०० मिलिसेकंद होईपर्यंत नवी पाठवूच नका. रद्द केलेली विनंती कॅचमध्ये ‘अबॉर्ट एरर’ म्हणून येईल. ती गिळून टाका, नाहीतर गिऱ्हाइकाला उगीच ‘काहीतरी बिघडलं’ दिसेल.

दुसऱ्यात देवनागरीचा दोष नाही. मराठी-गुजराती अक्षरं ब्राउझर आपणहून टक्क्यांच्या संकेतात बदलतो. ‘&’ आणि ‘+’ मात्र तो तसेच सोडतो, कारण पत्त्यात त्यांना अर्थ आहे : पहिल्याने शब्द तुटतो, दुसऱ्याची सर्व्हरवर रिकामी जागा होते. शोधशब्द जोडण्याआधी ‘एन्कोड यूआरआय कंपोनंट’मधून काढा. नुसतं ‘एन्कोड यूआरआय’ वापरलंत तर फरक पडणार नाही, ते या दोघांना हातच लावत नाही.